नवीन राउटर घ्यायच्या आधी पिंग नक्की कुठे वाढतोय ते शोधा

ऑनलाइन गेमच्या मॅचमध्ये ऐन वेळी लॅग आला, म्हणजे गेम अडखळला की दोनच गोष्टी सुचतात, एकतर नवीन राउटर घ्यायचा नाहीतर प्लॅन वाढवून १०० चा ३०० एमबीपीएस करायचा. जरा थांबा. गेम डाउनलोड करताना स्पीड लागतो हे खरंय, पण एकदा मॅच सुरू झाली की बहुतेक गेम १ एमबीपीएसच्या आतच भागवतात, त्यामुळे प्लॅन तिप्पट केला तरी लॅग जसाच्या तसा राहू शकतो. गेमला फक्त एवढंच पाहिजे असतं की डेटाची छोटी छोटी पॅकेट पटकन जावीत, पटकन यावीत आणि मधेच गहाळ होऊ नयेत. आणि पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) कमी असण्यापेक्षा तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं, सतत ६० वर टिकलेला पिंग चालतो पण २० वरून १५० वर आणि परत २० वर उड्या मारणारा पिंग डोकं फिरवतो, त्यालाच जिटर म्हणतात.

आता शोधायचं कसं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून जो नंबर दिसेल (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) तो तुमच्या राउटरचा पत्ता. मग पिंग, स्पेस, तो पत्ता, स्पेस, डॅश टी (ping 192.168.1.1 -t) असं लिहून एंटर मारा, आणि दुसरी विंडो उघडून तसंच ८.८.८.८ ला लावा, तो गूगलचा डीएनएस सर्व्हर आहे. दोन्ही चालू ठेवून गेम खेळा आणि लॅग आला की लगेच आकडे बघा. राउटरचाच पिंग ५० किंवा १०० वर जात असेल किंवा मधेमधे टाइम आउट येत असेल तर भानगड घरातल्या वायफायची आहे. राउटरचा २-३ वर शांत आहे पण बाहेरचा उडतोय, तर भानगड कंपनीच्या लाइनची किंवा राउटरमधल्या रांगेची, ती रांग काय ते पुढे सांगतो. दोन्ही शांत आणि तरीही लॅग, तर बहुतेक गेमच्या सर्व्हरकडे किंवा तिथपर्यंतच्या रस्त्यात गडबड आहे, मग राउटरला शिव्या देऊन उपयोग नाही.

वायफायवर संशय आला तर आधी केबल लावून बघा. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त कटकटी इथेच संपतात. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात देते, त्यामुळे कॅट ८ वगैरेवर पैसे घालवू नका. केबल टाकणं शक्यच नसेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर या. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी असते आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या म्हणजे कन्सोल गुपचूप २.४ ला चिकटणार नाही. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतो, म्हणून राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका. खेळताना मधेच काही सेकंद नेट पूर्ण जाऊन परत येत असेल तर चॅनल बघा, ५२ ते १४४ मधल्या बऱ्याच चॅनलवर रडारचा सिग्नल जाणवला की राउटरला चॅनल सोडावाच लागतो, अशा वेळी ३६ ते ४८ मधला फिक्स करून टाका. रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पाठवणारा डबा) मात्र गेमिंगसाठी घेऊच नका, एकाच रेडिओवर ऐकायचं आणि पुढे पाठवायचं म्हटल्यावर उशीर वाढणारच.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट, बफरब्लोट. एरवी पिंग २० असतो, घरात कुणाच्या तरी फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की ३००. होतं असं की अपलोडची लाइन भरते आणि राउटर जास्तीची पॅकेट फेकून न देता रांगेत साठवत बसतो, त्या रांगेत तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट म्हणजे ट्रकांच्या मागे अडकलेली सायकल. खात्री करायची असेल तर ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवून मुद्दाम एक मोठी फाइल अपलोडला लावा. यावर इलाज म्हणजे एसक्यूएम, ही रांग आटोक्यात ठेवणारी राउटरमधली सेटिंग, त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक यातली एक पद्धत निवडायची आणि डाउनलोड-अपलोडची मर्यादा खऱ्या मिळणाऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. १०० पैकी १० एमबीपीएस गेल्याचं वाईट वाटेल, पण पिंग जागेवर बसतो, माझ्या मते हा सौदा डोळे झाकून करावा. फक्त या कामाला राउटरचा प्रोसेसर लागतो, स्वस्तातला राउटर जास्त स्पीडला धापा टाकतो.

लॅग नाहीये पण मित्राच्या पार्टीत जाता येत नाही, आवाज ऐकू येत नाही, कन्सोल स्ट्रिक्ट किंवा टाइप ३ दाखवतोय, तर तो नॅटचा प्रॉब्लेम, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवायची राउटरची सोय आडवी येतेय. राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागणारी वाट आपोआप उघडून देणारी सेटिंग) चालू करून कन्सोल रिस्टार्ट करा. कंपनीने दिलेला डबाही राउटर आणि त्यामागे तुमचाही राउटर असं असेल तर डबल नॅट होतं, एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता डेटा पुढे देईल. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय, मग पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमध्ये हाताने वाट उघडणं) कितीही करा, फुकट. कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा स्वतःचा पत्ता, मागावा लागेल.

एवढं करून राउटर घ्यायचाच ठरला तर अँटेना मोजू नका. खोक्यावरचा एएक्स ३००० म्हणजे दोन बँडच्या ५७४ आणि २४०२ एमबीपीएसची बेरीज करून फुगवलेला आकडा, तुमचा फोन एका वेळी साधारण एकाच बँडवर असतो. बघायचं काय तर सगळे पोर्ट गिगाबिट आहेत ना (अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट लावून विकतात), एसक्यूएम आहे का किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर, त्यात एसक्यूएम मिळतं) चढतं का, आणि फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे अपडेट येतात का. वायफाय ६ पुरेसं आहे, घरात बरीच उपकरणं असतील तर त्यातलं ओएफडीएमए (एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनल वाटून देणं) कामाला येतं. वायफाय ७ चा फायदा पीसी किंवा फोनही ७ चा असेल तरच. गेमिंग राउटर नावाचे लाल दिवेवाले डबे त्यांच्या क्यूओएसमुळे (गेमच्या पॅकेटला आधी सोडणं) कधी बरे निघतात, पण ते काम एसक्यूएमवाला साधा राउटरही करतो.

अंतरापुढे मात्र कुठलाच राउटर चालत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे सर्व्हर ३००० किमीवर असेल तर जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद लागणारच, गेममधला रीजन तेवढा नीट निवडा. आणि लॅग रोज ठराविक वेळीच, केबल लावूनही येत असेल तर दोन्ही पिंगच्या विंडोचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा आणि कंपनीला तेच पाठवा, नाहीतर कस्टमर केअरवाले राउटर बंद करून चालू करा म्हणतील आणि तक्रार बंद करतील.