ट्रोम्सो ते लाँगयीअरब्येन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढाल?

ध्रुवीय प्रकाश बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. तिथवर गेलं की नकाशात आणखी वर स्वालबार्ड ही बेटं दिसतात (लाँगयीअरब्येन हे तिथलंच मुख्य गाव) आणि वाटतं, एवढं आलोच आहोत तर... पण किती लांब? मोबाइलच्या सपाट नकाशावर बोटाने मोजायला जाऊ नका. त्यात उत्तरेचा भाग ताणलेला असतो. ७८ अंशांवर विषुववृत्ताच्या जवळजवळ पाचपट! शाळेतली भूमिती जास्त भरवशाची.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात लिहून घ्या. ट्रोम्सो: ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व. लाँगयीअरब्येन: ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व.

अक्षांशांतला फरक ८.५७. एका अंशाचे १११ किलोमीटर धरा, म्हणजे ९५१ किलोमीटर.

आता रेखांश. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. रेखांशाचा एक अंश मुंबईत साधारण १०५ किलोमीटरचा असतो, ट्रोम्सोला जेमतेम ३९ चा, कारण सगळ्या रेषा ध्रुवाकडे एकवटत जातात. म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा (७३.९७) आणि तिचा कॉस घ्या: ०.२७६. उत्तर ०.१४ आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. तो अंशांवर आणा. मग ३.४५ × १११ × ०.२७६, म्हणजे १०६ किलोमीटर.

पुढे पायथागोरस. ९५१ आणि १०६ या काटकोनातल्या दोन बाजू, कर्ण आला ९५७. झालं हवाई अंतर.

ही युक्ती रेखांश जवळजवळ असतील तेव्हाच वापरायची. ट्रोम्सो ते अलास्कातलं उटकियागविक असं मोजायला गेलात, तर साडेसहा हजार किलोमीटर येतील. खरं अंतर ४,३०० च्या आसपास आहे. दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळपास समोरासमोर असल्याने सर्वांत जवळची वाट ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. अशा वेळी प्रत्येक अक्षांश ९० मधून वजा करा, बेरीज करा आणि १११ ने गुणा.

वेळ काढणं त्यामानाने सोपं. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला तर ९५७ ला ७२ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यांची अर्धा तास भर घाला: साधारण एक तास चाळीस मिनिटं. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करून हे ताडून बघता येतं.

विमानतळावर मात्र जास्त वेळ हाताशी ठेवा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे देशातल्या देशात जातानाही पासपोर्ट दाखवावा लागतो. आणि व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर परत ट्रोम्सोला येताना अडकाल.