भाड्याची मोबाइल होम वसाहत रहिवाशांच्या मालकीची कशी करावी

अमेरिकेतील मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेले घर) वसाहतीत घर रहिवाशाचे असते, मात्र घराखालची जमीन दुसऱ्याची असते आणि तिचे भाडे दरमहा भरावे लागते. नावात ‘मोबाइल’ असले तरी एकदा बसवलेले घर उचलून दुसरीकडे नेणे हजारो डॉलरचे काम असते, आणि जुने घर त्या प्रवासात तग धरेलच असे नाही. त्यामुळे नव्या मालकाने भाडे वाढवले, तर ते मुकाट्याने भरण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर उरत नाही. यावरचा एक टिकाऊ उपाय म्हणजे रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून जमीनच विकत घेणे. न्यू हॅम्पशायरमधील मेरेडिथ येथे १३ कुटुंबांनी १९८४ साली हे करून दाखवले आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर शेकडो वसाहती उभ्या राहिल्या.

सर्वप्रथम आपल्या राज्याचा कायदा पाहावा. विक्रीपूर्वी रहिवाशांना सूचना देणे न्यू हॅम्पशायरमध्ये मालकावर बंधनकारक असून तेथे खरेदीचा प्रस्ताव देण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळते, तर कोलोरॅडोत २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती १२० दिवसांची झाली आहे. अनेक राज्यांत असे कोणतेही संरक्षण नाही. तेथे सारे मालकाच्या राजीखुशीवर अवलंबून असते. मुदत कितीही असली तरी ती अपुरीच पडते, म्हणून विक्रीची कुणकुण लागण्याआधीच रहिवाशांची यादी करून दोन-तीन बैठका उरकून घेतलेल्या बऱ्या.

बैठकीत हंगामी कार्यकारिणी निवडावी, संस्थेची नोंदणी करावी आणि उपविधी मंजूर करून घ्यावेत. प्रचलित पद्धतीत एका घराला एकच मत असते आणि सभासदत्वाच्या भागाची (शेअरची) रक्कम माफक ठेवली जाते. वसाहत सोडताना सभासदाला तेवढीच रक्कम परत मिळते, घर मात्र तो बाजारभावाने विकू शकतो. जे सभासद होत नाहीत त्यांना कोणी बाहेर काढत नाही, ते भाडेकरू म्हणून राहतात. ही गोष्ट पहिल्याच सभेत स्पष्ट सांगावी, कारण निम्म्या अफवा तेथूनच उठतात. २००८ साली सुरू झालेली ‘आरओसी यूएसए’ ही संस्था आणि तिच्याशी संलग्न प्रादेशिक संस्था या कामात मार्गदर्शन करतात, तसेच कर्जाचीही सोय पाहतात.

त्यानंतर मालकाशी साठेखत करावे. इसार देण्यापूर्वी त्यात एक अट असावीच: कर्ज मंजूर न झाल्यास किंवा तपासणीत गंभीर दोष आढळल्यास संस्थेला व्यवहारातून बाहेर पडता येईल आणि इसार परत मिळेल. जमिनीचे मूल्यांकन, मोजणी, मालकी हक्काचा शोध आणि प्रदूषणाची चौकशी हे ठरावीक सोपस्कार आहेत. खरी मेख जमिनीखाली असते. अनेक जुन्या वसाहतींत विहीर, पाण्याच्या वाहिन्या, सांडपाण्याची व्यवस्था आणि कधीकधी विजेच्या ताराही मालकाच्याच असतात, व खरेदीखत होताच त्यांची दुरुस्ती संस्थेच्या गळ्यात पडते. म्हणून अभियंत्याबरोबर दोन जुन्या रहिवाशांनी स्वतः फिरावे. कोणत्या घरापाशी थंडीत पाणी गोठते आणि कोणत्या सेप्टिक टाकीवरचे गवत भर उन्हाळ्यातही गर्द हिरवे राहते (म्हणजे टाकी गळत असावी), हे त्यांना कागदपत्रांपेक्षा चांगले ठाऊक असते. अशा दुरुस्त्यांची रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी, नाहीतर कर्जात धरावी.

आता हिशेब. समजा, वसाहतीत ८० जागा असून किंमत आणि दुरुस्त्या मिळून ४५ लाख डॉलरचे कर्ज ६.५ टक्के व्याजाने ३० वर्षांत फेडायचे आहे. त्याचा मासिक हप्ता सुमारे २८,४४० डॉलर येतो. कर, विमा, पाणी व व्यवस्थापन यांसाठी १४,००० आणि राखीव निधीसाठी २,००० धरले, तर दरमहा ४४,४४० डॉलर लागतील. चार जागा रिकाम्या राहतील असे मानून ही रक्कम ७६ घरांत वाटली की प्रत्येकी सुमारे ५८५ डॉलर पडतात. सध्याचे भाडे ५२० असेल, तर मालकी मिळताच भाडे ६५ डॉलरने वाढणार, हे मतदानापूर्वीच सांगितले पाहिजे. राखीव निधी कापून आकडा गोंडस करण्याचा मोह अनेकांना होतो. पहिला पंप जळाला की तो महागात पडतो.

कॅलिफोर्नियात जागा वेगळ्या करून एकेकाला विकण्याचीही पद्धत आहे, परंतु ज्यांना स्वतंत्र कर्ज मिळत नाही अशांची तेथे अडचण होते. अल्प उत्पन्नाच्या वसाहतीला सहकारी मार्गच अधिक मानवतो.

हिशेब मान्य झाल्यावर सर्वसाधारण सभेत गुप्त मतदान घ्यावे, ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि मगच खरेदीखतावर सह्या कराव्यात. त्याच दिवसापासून भाडे संस्थेच्या खात्यात जमा होऊ लागते, म्हणून बँक खाते, विमा आणि व्यवस्थापकाशी करार आदल्या आठवड्यातच तयार हवेत.