डिफेन्सिव्ह बॅकची कारकीर्द कशी अभ्यासावी : कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्यांसाठी

दापोली-गुहागरकडच्या ज्या मुलांनी कबड्डीत कोपरा सांभाळला आहे, त्यांना अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह बॅक समजायला फार वेळ लागू नये. कोपरारक्षक भक्कम असला की चढाईपटू त्याच्या बाजूला फिरकतच नाही, त्यामुळे त्याच्या नावावर पकडी कमी लागतात आणि नुसती गुणपत्रिका पाहणाऱ्याला तो सामान्य वाटतो. आमच्या मंडळातल्या एका चांगल्या डाव्या कोपऱ्याला निवड चाचणीत याच कारणाने वगळले गेले, आणि ती सल अजून गेलेली नाही. अशा खेळाडूची कारकीर्द कशी वाचावी, हे चार्ल्स वूडसन या अमेरिकन डिफेन्सिव्ह बॅकच्या उदाहरणाने येथे सांगतो.

प्रथम काम समजून घ्यावे. दोन्ही बाजूंना 11 खेळाडू असतात, आणि आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचे असते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर तो झेलण्यासाठी धावतो. कडेच्या रिसीव्हरवर कॉर्नरबॅक असतो, तर सर्वांत मागे राखण करणारा तो सेफ्टी; हे दोघेही डिफेन्सिव्ह बॅक. आपले पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, त्यांच्या मैदानाची नुसती रुंदीच जवळजवळ 49 मीटर. रिसीव्हरला आपण कोठे वळणार हे ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते. तो सुरुवातीला उलट्या पावलांनी मागे सरकत असतो, आणि व्यावसायिक खेळात सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपुढे गेलेल्या रिसीव्हरला त्याला धरून ठेवता येत नाही.

यानंतर वहीत एक तक्ता आखावा : हंगाम, संघ, जागा, खेळलेले सामने आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलणे. वूडसन 1998 मध्ये ओकलंड रेडर्स संघात आला आणि तेथील आठ हंगामांत त्याने 17 इंटरसेप्शन केले. 2006 पासून ग्रीन बे पॅकर्सकडून सात हंगामांत 38. आणि 2013 ते 2015 या काळात पुन्हा रेडर्सकडून 10. अशी 18 हंगामांत 65 होतात. एवढ्यावर वही मिटली तर अभ्यास फसला असे समजावे. 1999 च्या ओळीवर बोट ठेवून पाहा. त्या हंगामात त्याच्या नावावर एकच इंटरसेप्शन आहे, तरीही प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली होती. चेंडू आपल्या बाजूला फेकला गेला तरच इंटरसेप्शन मिळतो, आणि ज्याच्या बाजूला फेकण्याचे धाडस होत नाही त्याचा रकाना रिकामाच राहतो. अर्थात प्रत्येक कोरड्या हंगामाला हेच कारण लावू नये. 2002 मध्ये तो आठच सामने खेळला आणि 2005 मध्ये सहा, दोन्ही वेळा दुखापतींमुळे. सामन्यांचा रकाना आखायचा तो यासाठीच.

चित्रफीत पाहताना चेंडूकडे पाहू नये, ही सवय लावून घेणे सर्वांत कठीण आहे. खाडीत पाग टाकणारा माणूस कंबरभर पाण्यात उभा असतो, जाळे हातात तयार असते, आणि नजर मात्र पाण्यावर उठणाऱ्या बारीक लहरीवर असते. कॉर्नरबॅकची नजर तशीच रिसीव्हरच्या कमरेवर असते, कारण डोके आणि खांदे हूल देतात, कंबर सहसा देत नाही. चढाईपटूसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांना हे निराळे सांगावे लागणार नाही. नेहमीच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे जातो आणि कॉर्नरबॅक चौकटीबाहेर राहतो. म्हणून सर्व 22 खेळाडू दिसतील असे उंचावरून घेतलेले चित्रण मिळाल्यास तेच घ्यावे, आणि एकच प्रयत्न तीनदा पाहावा : एकदा पावले, एकदा कंबर आणि शेवटी चेंडू.

सुरुवात वूडसन व्यावसायिक होण्यापूर्वीच्या, 1997 च्या मिशिगन विद्यापीठाच्या सामन्यांपासून करावी. मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध त्याने सीमारेषेजवळ उंच उडी मारून एका हाताने घेतलेला चेंडू पाहताना हाताचे कौतुक नंतर करावे; आधी खाली येताना पाय रेषेच्या आत कसा टेकला ते पाहावे. त्याच वर्षी त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. मुख्यतः बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला, आणि पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक दुसरा आला.

कारकिर्दीचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. 2009 मध्ये नऊ इंटरसेप्शन करून तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. फेब्रुवारी 2011 मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक हंगामाच्या अंतिम सामन्यात, आपल्याकडे सोमवारची पहाट होत असताना, लांब पास अडवण्यासाठी सूर मारताना त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. मध्यंतरात सहकाऱ्यांशी बोलताना त्याचा कंठ दाटून आला, आणि पॅकर्सने तो सामना 31-25 असा जिंकला. पुढे 2012 मध्ये तो कॉर्नरबॅकची जागा सोडून सेफ्टी झाला. पायांचा वेग उतरू लागला की कोपऱ्यावरून आत येऊन समोरच्याची चाल वाचण्याच्या बळावर खेळणे, हे आपल्याकडचे जाणते खेळाडूही करतात. म्हणून तक्त्यात जागेचा रकाना वगळू नये. वयाची 39 वर्षे पूर्ण झाल्यावर चारच दिवसांनी, 11 ऑक्टोबर 2015 रोजी, त्याने मॅनिंगचे दोन पास झेलले. तोपर्यंत मॅनिंगचा एकही पास त्याच्या हाती लागलेला नव्हता.

हा तक्ता आपल्या मैदानावरही वापरता येतो. गुणलेखकाशेजारी एका मुलाला कागद देऊन बसवावे आणि प्रत्येक चढाई कोणत्या कोपऱ्याकडे वळली याची खूण करायला सांगावे. आम्ही भातकापणीनंतरच्या एका सामन्यात हे केले, तेव्हा उजव्या कोपऱ्याखाली खुणांच्या दोन ओळी भरल्या आणि डाव्याखाली बोटांवर मोजण्याइतक्याच खुणा होत्या. असा कागद गुणपत्रिकेला टाचून ठेवावा आणि निवडीच्या दिवशी दोन्ही एकत्रच पुढे करावीत.