रानातल्या कोपीत मुक्काम: आधी अंथरूण, मग हुरडा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरकडे हुरड्याला आलेल्या अनेकांना रात्रीही रानातच राहावंसं वाटतं. लाइट नाही, नळ नाही, संडास नाही. पाचटानं शाकारलेली कोप, म्हणजे झोपडी, किंवा पत्र्याचं शेड, एवढंच. तिथं चांगलं राहता येतं. फक्त पाचच्या आत शेतावर पोचा. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. मधल्या तेरा तासांची खरी तयारी उजेडातच करावी लागते.

शेतमालकाला विचारून राहा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबता येत नाही. गाडी काळ्या रानात न घालता मुरमाच्या रस्त्यावर, तोंड गावाकडे करून लावा. अवकाळी सर आली की काळी माती चाकांना धरते आणि गाडी जागची हलत नाही.

दोघांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला २० लिटरचा एक जार पुरतो. शेतीपंपाची लाइट पाळीनं येते, तेव्हा मोटारीवर भिस्त नको. विहिरीचं पाणी प्यायचंच असेल तर गाळून घ्या आणि खळखळ उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळू द्या.

चूल बाहेर, तीन दगडांची. कोप आणि कडब्याची गंजी यांच्यापासून किमान ३० फूट लांब, आणि ठिणगी त्यांच्याकडे उडणार नाही अशा बाजूला. पेटवायला तुराट्या, निखाऱ्याला बाभळीचं लाकूड. कण्हेरीची काडी जाळायलाही नको आणि कणीस खोचायलाही नको. ती विषारी असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली तर चूल चहापुरतीच लागते.

आता अंथरूण. लोक हे काम जेवण झाल्यावर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, मोबाइलच्या उजेडात उरकतात. सगळा धोका तिथंच आहे.

धोका मण्यारचा. हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. त्याचे दात बारीक असतात. चावा बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, घसा दुखतो म्हणतो, आणि बाकीचे त्याला हुरडा बाधला असं समजून ओवा देतात. थोड्या वेळानं पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि पुढं श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून रानात मुक्काम केल्यावर पहाटे कारण नसताना पोट दुखलं आणि पापण्या उचलेनात, तर साप चावला असंच धरून निघायचं.

‘घोंगडीवर साप येत नाही’ हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. घोंगडी थंडीला उत्तम, पण साप तिच्यावरून खुशाल जातो. भोवती मीठ, चुना, लसूण टाकण्यानंही काही अडत नाही. उपयोगाच्या गोष्टी दोनच: जमिनीपासून उंची आणि नीट खोचलेली मच्छरदाणी.

बाज घ्या, निदान दीड फूट उंच. ती कुडाला टेकवू नका, चारी बाजूंनी हातभर जागा सोडा. बाजेखाली पोती, ठिबकच्या नळ्या, टोपल्या, काहीही ठेवू नका. जमिनीच्या भेगा मातीनं बुजवा, कारण विंचूही त्यातच असतो. मच्छरदाणीच्या चार दोऱ्या मेढींना बांधा. जाळी इतकी लांब हवी की गादीखाली चारी बाजूंनी वीतभर जाईल. नुसती लोंबती जाळी डास अडवते, साप अडवत नाही. दिवस मावळायच्या आत पांघरुणं झटका, जाळी खोचून टाका. रात्री एकाच बाजूनं आत शिरा, बॅटरीनं कोपरे पाहा आणि ती बाजू आतून पुन्हा खोचा. चादरीचं टोक जमिनीला लागता कामा नये. त्या लोंबत्या टोकावरूनच साप वर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बाज नसेल तर बैलगाडीत किंवा ट्रॉलीत झोपा. तेही नसेल तर जमिनीवर ताडपत्री, त्यावर गादी आणि जाळी सगळीकडून गादीखाली घट्ट. उघड्या जमिनीवर नुसती सतरंजी टाकून झोपणं मला अजिबात मान्य नाही.

खरकटं, दाणे, भाकरी झाकणाच्या डब्यात घाला. अन्नामागं उंदीर आणि उंदरामागं साप, हा क्रम ठरलेला. चपला जाळीच्या आत पायथ्याशी पिशवीत ठेवा, बॅटरी उशाशी.

साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, देवळात नेऊन बसवू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवू नका आणि १०८ ला फोन लावा. रेंज कुठं मिळते ते संध्याकाळीच पाहून ठेवा. सापाच्या विषावरची लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही असतील तिथं पोचायचं, सोलापूरजवळ असाल तर सिव्हिल हॉस्पिटलला. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच असते. लाल विंचू चावून घाम सुटला, उलटी झाली, तरी दवाखानाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिनची गोळी वापरली जाते, पण ती डॉक्टरांनी द्यायची.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी आत घेऊ नका. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन चादरी, कानटोपी, मोजे पुरतात. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे आतून दव धरून थेंब पडतात, म्हणून जाळीवर एक जुनी चादर टाका.

परसाकडला विहिरीपासून २०० फूट लांब जा, वीतभर खड्डा करून बुजवा. रात्री बूट, बॅटरी आणि काठी घेऊनच.

झोपण्याआधी चुलीवर पाणी ओता, राख काठीनं ढवळा, पुन्हा ओता. राखेजवळ तळहात नेऊन ऊब लागत असेल तर आणखी पाणी.