'फॉरमॅट: डेट' लिहिलं, तरी ३० फेब्रुवारी आत कशी आली?

बॅकएंडला (सर्व्हरवरच्या कामाला) नवीन लागलेल्या मुलामुलींना मी आधी एवढंच करायला सांगते: जेसन स्कीमात (आलेल्या माहितीतलं प्रत्येक फील्ड कसं असावं हे सांगणाऱ्या नियमावलीत) जन्मतारखेच्या फील्डला 'फॉरमॅट: डेट' लावा आणि पायथनमधून मुद्दाम ३० फेब्रुवारी पाठवा. बिनबोभाट पास होते! स्कीमाच्या २०२०-१२ आवृत्तीत 'फॉरमॅट' ही मुळात नुसती नोंद धरली जाते. तपासणी हवी तर ती वेगळी चालू करायची. पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत त्यासाठी फॉरमॅटचेकर आपणच द्यावा लागतो. तो दिला तरी निर्धास्त राहू नका. 'डेट-टाइम'ला वेगळं पॅकेज लागतं. ते नसेल तर तपासणी गुपचूप गाळली जाते. ईमेलमध्ये तर फक्त ॲटचं चिन्ह आहे का, एवढंच बघतात. (ईमेलपुरतं मला ते चालतं. लांबलचक रेजेक्स, म्हणजे मजकुराचा साचा सांगणारं सूत्र, पाठ करण्यापेक्षा पडताळणीची लिंक पाठवावी.) जावास्क्रिप्टचा एजेव्ही (तिथली स्कीमा तपासणारी लायब्ररी) अनोळखी फॉरमॅट दिसला की निदान एरर तरी देतो.

पॅन, आयएफएससी, पिनकोड हे स्कीमाच्या ठरलेल्या फॉरमॅटच्या यादीत नाहीतच; ते 'पॅटर्न'ने, म्हणजे रेजेक्स देऊन, लिहायचे. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, हे सगळ्यांना येतं. पण त्यातलं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: व्यक्तीला पी, कंपनीला सी. वैयक्तिक अर्जात सी आला तर रेजेक्स खूश, माहिती मात्र चुकीची. जीएसटी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या जागेपर्यंत पॅनच बसलेला असतो. फॉर्मवर दोन्ही असतील तर ताडून बघा, फुकटची तपासणी आहे.

पिनकोडच्या पॅटर्नला दोन्ही टोकांना कॅरेट (^, सुरुवातीची खूण) आणि डॉलर ($, शेवटाची खूण) लावले नाहीत, तर सात अंकही पास होतात, कारण त्यात कुठेतरी सहा सापडतातच.

मराठी फॉर्मचं दुखणं आणखी वेगळं. कोणी मराठी कीबोर्डवरून ४११०३० टाइप केलं, तर पायथनच्या 'बॅकस्लॅश डी'ला (रेजेक्समधली 'कोणताही अंक' ही खूण) ते अंकच वाटतात, जावास्क्रिप्टला वाटत नाहीत. म्हणजे वेबवरचा फॉर्म अडवतो, पण एक्सेलमधून थेट बॅकएंडला आलेली तीच ओळ आत जाते आणि पुढे डेटाबेसमध्ये इंग्रजी अंकांनी शोधली की सापडत नाही. पुण्यातल्या माणसाने पिनकोड मराठीत लिहिला म्हणून त्याला लाल अक्षरांत एरर दाखवणं मला पटत नाही. आधी अंक इंग्रजीत बदलून घ्या, मग चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहून तपासा. पायथनमध्ये बदलायला ट्रान्सलेटची एक ओळ पुरते.