खेळोपचार करताना या चुका टाळा

खेळोपचारात, म्हणजे मुलाच्या मनातले खेळातून बाहेर येऊ देणाऱ्या उपचारात, नवशिके समुपदेशक सर्वाधिक नुकसान करतात ते प्रश्न विचारून. माझ्या देखरेखीखालील एका प्रशिक्षणार्थीकडे सात वर्षांचा एक मुलगा येत असे. काही आठवडे वाळूत बोटे फिरवत बसल्यावर एके दिवशी त्याने बाहुलीघरातला पुरुष बाहुला पलंगाखाली कोंबला आणि भोवती खुर्च्या, कपाट, उशा असे सारे सामान रचले. प्रशिक्षणार्थीने लगेच विचारले, "तुझे बाबा तुला मारतात का रे?" मुलाने बाहुला बाहेर काढून खुर्चीवर नीट बसवला आणि पुढची कित्येक सत्रे तो निमूटपणे जिगसॉ जुळवत राहिला.

तो बाहुला म्हणजे बाबा, हे मुलाने कुठे सांगितले होते? "त्याला अगदी आत ढकललंस, आता त्याला बाहेर येता येणार नाही," एवढेच म्हणायला हवे होते. मी स्वतः मूल नाव देईपर्यंत कोणत्याही खेळण्याला नाव देत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास ती कळवणे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहेच. मात्र त्यासाठी खेळाची उलटतपासणी करायची नसते.

दुसरी चूक मर्यादांची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या खेळोपचाराच्या आठ तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व आवश्यक तेवढ्याच मर्यादा घालण्यास सांगते, तरीही काहीजण पहिल्याच दिवशी नियमांची जंत्री वाचतात, तर काहीजण मुकाट्याने मार खातात. मूल ठोकळा उगारते तेव्हा मी आधी त्याचा राग बोलून दाखवते, मग "मी मारण्यासाठी नाही" असे सांगते आणि लगेच उशीकडे बोट दाखवते. हा क्रम अमेरिकी खेळोपचारतज्ज्ञ गॅरी लँड्रेथ यांचा आहे आणि तो उलटा केला की फसतो.

"किती छान चित्र!" म्हणू नये, मूल पुढचे चित्र तुमच्यासाठी काढते. बॅटरीवरची खेळणी नकोत. खेळणी दर वेळी त्याच जागी असावीत आणि सत्र संपण्याच्या पाच मिनिटे आधी तसे सांगावे.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून तिसऱ्या सत्रात "फरक" दाखवू पाहणाऱ्यांना हे सारे संथ वाटते. पालकांनाही घाई असतेच, म्हणून घरी जाताना "आज काय खेळलास?" असे विचारू नका, हे मी त्यांना पहिल्या भेटीतच सांगते आणि त्यांच्या शंकांसाठी मुलाशिवाय वेगळी वेळ देते.