पी००१६ कोड आला म्हणून लगेच टायमिंग चेन बदलू नका, आधी हे बघा

जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला की स्पार्कचं टायमिंग पुढेमागे करता यायचं. आताच्या गाड्यांत फिरवायला काही ठेवलेलंच नाहीये, स्पार्क कधी पाडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांच्या सेन्सरचे सिग्नल बघून. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरायला पाहिजे, हे गणित या दोघांना जोडणारी टायमिंग चेन सांभाळते, त्यात ठरलेल्यापेक्षा जास्त फरक दिसला की चेक इंजिन लाइट लागते आणि स्कॅनरवर पी००१६ येतो.

पण हा कोड एवढंच सांगतो की क्रँक आणि कॅम जुळत नाहीयेत, का जुळत नाहीत ते तुम्हालाच शोधायचंय.

सगळ्यात आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि व्हीव्हीटीचा (व्हॉल्वचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) कॅम पुढेमागे करणारा फेजरसुद्धा, त्यामुळे ऑइल कमी असेल, काळं घट्ट झालं असेल किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर चेन चांगली असूनही कोड येऊ शकतो. मग व्हीव्हीटीचा ऑइल कंट्रोल व्हॉल्व काढून त्याची जाळी कचऱ्याने चोक झालीये का बघा, नंतर सेन्सरची वायरिंग आणि कनेक्टर. एवढं सगळं ठीक निघालं आणि सकाळी थंड इंजिन चालू करताना पुढून काही सेकंद खडखड येत असेल तर मात्र चेनवरच संशय घ्या. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, कड्यांच्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा ढिलेपणा साठत जातो.

चेन बदलायचीच ठरली तर टेन्शनर आणि गाइडपण (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) नवीनच घाला, त्यात पैसे वाचवू नका, तेवढ्यासाठी परत सगळं उघडावं लागलं तर मजुरी दुप्पट. चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणांवर बसवा, टेन्शनर दाबून धरणारी पिन शेवटी काढा, आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, सेल्फ मारू नका. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे अडकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका, कारण बऱ्याच इंजिनांत टायमिंग चुकलं की पिस्टन व्हॉल्ववर आदळतो आणि व्हॉल्व वाकतात. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत, रंगीत कड्या जुळणार नाहीत, त्या बऱ्याच फेऱ्यांनी परत जागेवर येतात, म्हणून ते बघून घाबरून चेन परत उतरवू नका.

मग ऑइल फिल्टर नवीन, कोड क्लिअर, आणि इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कॅमचा अँगल मॅन्युअलशी ताडून बघा. काही गाड्यांत क्रँक सेन्सरचं रीलर्नपण (ईसीयूला सेन्सरचा सिग्नल नव्याने ओळखायला लावणं) करावं लागतं, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.